‘सशस्त्र तटस्थता’ : एका शब्दाचा अर्थ आणि दख्खनचा इतिहास

‘सशस्त्र तटस्थता’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इंग्रजीतून भाषांतरित होऊन आला आणि पुरती पारख न होताच रूढ झाला. एखादा राजा किंवा सरदार दुसऱ्यांच्या युद्धात फौजफाट्यासह बाजूला उभा राहिला, की त्याने सशस्त्र तटस्थता स्वीकारली असे आपण सहज लिहून जातो. १८०३ साली यशवंतराव होळकरांनी ती स्वीकारली, १७८० साली नागपूरकर भोसल्यांनी स्वीकारली, १९४७ साली सातव्या निजामाला ती स्वीकारायची होती, अशी वाक्ये पाठ्यपुस्तकांत आणि उत्तरपत्रिकांत आढळतात. या तीन गोष्टी एकाच नावाखाली बसतात काय, हा प्रश्न वरवर पाहता शब्दकोशाचा वाटेल. परंतु ज्या शहरात हे ग्रंथालय शंभर वर्षे मराठी पुस्तके राखून आहे, त्या शहराच्या इतिहासात या शब्दाने एकदा मोठा घोळ घातलेला आहे. म्हणून शताब्दीच्या निमित्ताने या एका शब्दाचा माग काढण्याचे योजिले आहे.

प्रथम ‘तटस्थ’ या शब्दाकडे पाहू. संस्कृतात तट म्हणजे काठ. पाण्यात न उतरता काठावर उभा असलेला तो तटस्थ. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला आपल्या परीने वळण दिले. जुन्या मराठीत ‘सर्व लोक तटस्थ झाले’ याचा अर्थ ते निःपक्षपाती झाले असा नसून थक्क झाले, जागच्या जागी खिळले असा होतो. शिवाय मराठीत तट हा किल्ल्यालाही असतो आणि गावात भांडण झाले म्हणजे तट पडतात तेही वेगळेच. काठ, किल्ल्याची भिंत आणि भांडणातली बाजू असे तीन अर्थ एका अक्षरजोडीत नांदत असल्यामुळे तटस्थ माणूस नेमका कोठे उभा आहे, हे मराठीत प्रत्येक वेळी विचारून घ्यावे लागते. यांखेरीज त्रयस्थ, तिऱ्हाईत आणि उदासीन हे शब्द आहेतच. तिऱ्हाईत हा नुसता तिसरा माणूस, त्याचा भांडणाशी संबंधच नाही. तटस्थाचा संबंध असतो, परंतु तो आवरून धरलेला असतो. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

उदासीन हा शब्द आज आपण खिन्न किंवा बेफिकीर या अर्थी वापरतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र तो राजनीतीचा पारिभाषिक शब्द आहे. आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसूरहून हा ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर आपल्या अभ्यासकांना तो मुळातून वाचता आला. त्यातील राजमंडळात विजिगीषू आणि त्याचा शत्रू यांच्याखेरीज मध्यम आणि उदासीन असे दोन राजे सांगितले आहेत. मध्यम हा दोघांच्याही सीमेला लागून असलेला, आणि दोघे अलग असताना कोणाचाही निग्रह करू शकेल इतका समर्थ. उदासीन हा या मंडळाच्या बाहेरचा आणि मध्यमाहूनही बलवान. म्हणजे कौटिल्याच्या लेखी बाजूला राहणे ही दुर्बळाची सोय नाही. बळ हे तिच्या व्याख्येतच आहे. सहा गुणांपैकी ‘आसन’ म्हणजे स्वस्थ बसणे, हाही त्याने दुबळ्याचा नव्हे तर राजनीतिज्ञाचा उपाय मानला, आणि विग्रह करून बसणे व संधी करून बसणे असे त्याचे प्रकारही सांगितले. आपली परंपरा या कल्पनेला अनोळखी नव्हती, एवढेच येथे नोंदवायचे. मात्र कौटिल्याचे आसन हे संधीची वाट पाहणारे आहे. त्यात बसणाऱ्याचा हिशेब आहे, त्याचा हक्क नाही. हक्काची भाषा युरोपात, तीही समुद्रावर, जन्माला आली.

अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड केले, फ्रान्स आणि स्पेन त्या युद्धात उतरले, आणि इंग्रजी आरमार शत्रूचा माल शोधण्याच्या निमित्ताने त्रयस्थ राष्ट्रांची गलबते अडवून नेऊ लागले. तेव्हा रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने मार्च १७८० मध्ये एक जाहीरनामा काढला. तटस्थांची जहाजे युद्धमान राष्ट्रांच्या बंदरांतून व किनाऱ्यांवरून मोकळेपणाने फिरतील. तटस्थ जहाजावरचा माल, मग तो शत्रूप्रजेचा का असेना, युद्धसाहित्य वगळता जप्त होणार नाही. आणि बंदराची नाकेबंदी कागदावर पुकारून चालणार नाही, तेथे प्रत्यक्ष जहाजे उभी असली पाहिजेत, असे तिचे म्हणणे होते. डेन्मार्क आणि स्वीडन त्याच वर्षी तिला मिळाले, पुढे प्रशिया, ऑस्ट्रिया, पोर्तुगाल आणि दोन सिसिलींचे राज्यही आले. हॉलंड येऊ पाहत होते. इंग्लंडने १७८० च्या डिसेंबरात त्याच्यावरच युद्ध पुकारले. या संघाला ‘सशस्त्र तटस्थता’ हे नाव पडले. पुढे खुद्द कॅथरीननेच इंग्रज वकिलाशी बोलताना तिची ‘सशस्त्र शून्यता’ अशी थट्टा केल्याचे सांगतात. तथापि तिची तत्त्वे १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात बहुतांशी मान्य झाली, तेव्हा ती अगदीच शून्य ठरली नाही.

या मूळ प्रसंगात शब्दाचा अर्थ जितका स्वच्छ दिसतो तितका पुढे कोठेच दिसत नाही. तटस्थाने आपला हक्क आधी आणि उघडपणे सांगितला आहे. तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे. आणि शस्त्र आहे ते त्या हक्काच्या रक्षणापुरते. कोणाच्या बाजूने वा कोणाविरुद्ध युद्धात पडण्यासाठी नाही. हीच कल्पना १८०० साली पॉल झारने पुन्हा उचलली, परंतु त्याचा कल नेपोलियनकडे असल्याचे साऱ्या जगाला दिसत होते. एप्रिल १८०१ मध्ये नेल्सनने कोपनहेगनपुढे डेन्मार्कचे आरमार मोडले आणि तो दुसरा संघ विरघळला. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी व्यापारी जहाजांवर तोफा चढविण्याची परवानगी काँग्रेसकडे मागितली तीही याच नावाने. पाच आठवड्यांनी, २ एप्रिलला, ती निरुपयोगी असल्याचे सांगून त्यांनी युद्धच मागितले. स्वित्झर्लंडचे उदाहरण टिकले, कारण १८१५ साली त्याची तटस्थता बड्या राष्ट्रांनी लेखी मान्य केली आणि स्विसांनी घरटी सैनिक तयार ठेवला.

आता दख्खनकडे वळू. योगायोग असा की कॅथरीनचा जाहीरनामा निघाला त्याच १७८० साली आपल्याकडेही इंग्रजांविरुद्ध एक मोठा संघ उभा होता. वडगावच्या तहानंतर पुणे दरबार, हैदर अली, निजाम अली आणि नागपूरकर मुधोजी भोसले अशा चौघांनी इंग्रजांवर चारी बाजूंनी चालून जावे असे ठरले होते. मुधोजींकडे बंगालची बाजू आली. त्यांनी १७७९ च्या अखेरीस आपला मुलगा चिमणाजी याला सुमारे तीस हजार फौजेनिशी कटकाकडे रवाना केले. ही फौज इतक्या सावकाश चालली की कटकास पोहोचण्यास तिला अर्धे वर्ष लागले, आणि पोहोचल्यावर ती बंगालच्या वेशीवर नुसती उभी राहिली. वॉरन हेस्टिंग्जने आधी तीन लाख आणि पुढे तेरा लाख रुपये देऊन तिची समजूत काढली. एवढ्यावरही भागले नाही. बंगालमधून मद्रासच्या मदतीस, म्हणजे हैदर अलीविरुद्ध, जाणारी कर्नल पिअर्सची पलटण १७८१ साली भोसल्यांच्याच ओरिसा मुलुखातून सुखरूप पार पडली.

या प्रकाराला सशस्त्र तटस्थता म्हणण्याचा मोह होतो. फौज होती, ती लढली नाही, दोन्ही पक्षांशी बोलणी चालू होती. परंतु ज्याने पुण्यास शब्द दिला होता तो मूळचा तटस्थच नव्हता. शस्त्र होते ते हक्क राखण्यासाठी नव्हे, तर भाव वाढविण्यासाठी. आणि एका पक्षाच्या पलटणींना वाट देऊन दुसऱ्या पक्षाची अडचण करणे याला कोणत्याही अर्थी निःपक्षपात म्हणता येणार नाही. नागपूरकरांची बाजूही समजून घ्यावी लागते. पुण्याच्या सत्तेखाली पुरते जावे अशी त्यांची इच्छा कधीच नव्हती, आणि एवढी फौज पोसायला पैसा लागतो हेही खरे. तरीसुद्धा त्यांच्या त्या बसण्याला कौटिल्याचे ‘आसन’ म्हणावे, कॅथरीनचा शब्द लावू नये.

निजाम अलीचे वर्तन याहून सरळ होते. त्याचा भाऊ बसालतजंग याने गुंटूरचा सरकार परस्पर इंग्रजांना दिल्यामुळे तो चिडून संघात आला होता. हेस्टिंग्जने गुंटूर परत करविला आणि निजाम घरी बसला. येथे तटस्थतेची किंमत रोकडीऐवजी मुलुखात चुकती झाली, एवढाच फरक.

हैदराबादला तटस्थतेचा खरा धडा मिळाला तो पंधरा वर्षांनी, आणि तोही दुसऱ्याच्या तटस्थतेचा. चिक्कडपल्लीहून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या मुशीराबादचे नाव ज्याच्यावरून पडले तो मुशीरुल्मुल्क, म्हणजे निजाम अलीचा दिवाण, या प्रकरणाचा नायक. मराठ्यांच्या चौथाईची थकबाकी कोट्यवधी रुपयांच्या घरात गेली होती. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादेत तिचा तगादा लावीत होते, आणि मुशीरुल्मुल्क भर दरबारात पुणेकरांची अप्रतिष्ठा होईल अशी भाषा वापरीत होता. त्याचा भरवसा इंग्रजांवर होता. १७९० साली टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांचा त्रिवर्ग तह झालेला. तेव्हा मराठे चालून आले तर कलकत्त्याहून मदत येईल, असा त्याचा हिशेब. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी मात्र दोघेही आमचे दोस्त आहेत, आम्ही कोणाचीच बाजू घेणार नाही, असे ठरविले. पार्लमेंटच्या १७८४ च्या कायद्याने हिंदुस्थानात नवी युद्धे उकरण्यास मनाई केलेली असल्यामुळे त्यांना तसा आधारही होता. हैदराबादेत निजामाच्या खर्चाने राहणाऱ्या इंग्रजी पलटणींना मराठ्यांविरुद्ध हालण्याची परवानगी मिळाली नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाच्या बाजूने जे कवायती पायदळ लढले ते फ्रेंच सेनापती रेमाँ याचे. निजामाने खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घेतला, दौलताबादेसह मुलुख आणि कोट्यवधींची खंडणी कबूल केली, आणि मुशीरुल्मुल्काला पुणेकरांच्या स्वाधीन केले.

इंग्रजांचे हे वागणे शोअरचे टीकाकार भ्याडपणाचे समजतात आणि समर्थक सचोटीचे. प्रस्तुत लेखकाला दोन्ही मते अर्धवट वाटतात. शोअरची तटस्थता प्रामाणिक होती, परंतु ती निःशस्त्र होती. इंग्रजांच्या हाती पलटणी असूनही ‘अमुक मर्यादेपलीकडे कोणी गेल्यास आम्ही मध्ये पडू’ असे त्यांनी कोणालाच सांगितले नाही. परिणामी मराठ्यांना मोकळे रान मिळाले आणि निजामाला आपण फसविले गेलो असे वाटले. त्याने इंग्रजी पलटणींना निरोप दिला. (त्याच वर्षी शहाजादा अलीजाहने बंड केल्यावर त्यांना परत बोलवावे लागले, ही गोष्ट वेगळी.) रेमाँची फौज वाढविण्यात आली. या माणसाची कबर अद्याप मलकपेटच्या बाजूला टेकडीवर आहे आणि आसपासचे लोक तिला आपल्या परीने मानतात.

पुण्यात कैद असलेला मुशीरुल्मुल्क सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतरच्या धामधुमीत सुटला आणि १७९७ मध्ये पुन्हा हैदराबादेत कारभारावर आला. तो जे शिकून आला ते त्याच्या पुढच्या कृतीत दिसते. दोस्ती असली तरी मदत मिळतेच असे नाही. तेव्हा मदत तहात बांधून घ्यावी. १ सप्टेंबर १७९८ च्या तैनाती तहाने फ्रेंच फौज मोडायचे ठरले आणि ऑक्टोबरात ती मोडलीही. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने निजामाने टिपूच्या राज्यातून मिळालेला मुलुख फौजेच्या खर्चासाठी तोडून दिला आणि इंग्रजांच्या संमतीवाचून कोणत्याही परक्या सत्तेशी बोलणे करणार नाही असे लिहून दिले. या कलमाचा एक अर्थ आपल्या इतिहासग्रंथांत फारसा स्पष्ट केला जात नाही. निजामाने त्या दिवशी युद्ध करण्याचा हक्क सोडला, हे सर्वच सांगतात. त्याच शाईने त्याने तटस्थ राहण्याचा हक्कही सोडला होता. यापुढे इंग्रजांचे युद्ध ते त्याचे युद्ध. कोठीची भव्य रेसिडेन्सी लवकरच उभी राहिली.

तीन वर्षांत याचा प्रत्यय आला. वसईच्या तहानंतर १८०३ साली शिंदे व नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली ती निजामाच्याच मुलुखात, आजच्या जालना जिल्ह्यात. यशवंतराव होळकर मात्र आपली ताजी फौज घेऊन माळव्यात राहिले. ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत अहमदनगर, दिल्ली, असई, लासवाडी, आडगाव आणि गाविलगड पडले. होळकर हलले नाहीत. आदल्या वर्षीच हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा बुडविल्या होत्या, आणि त्याच्या आदल्या वर्षी बाजीरावाने त्यांच्या भावाला, विठोजीला, पुण्यात क्रूरपणे मारविले होते. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तथापि ते बाजूला राहिले ते कोणताही हक्क जाहीर करून नव्हे. शिंदे दुबळे व्हावेत आणि मग आपली पाळी यावी, अशी ती प्रतीक्षा होती. पाळी आली, पण एकटी आली. १८०४ साली कर्नल मॉन्सनची दाणादाण उडविणारा आणि भरतपूरच्या तटाआड इंग्रजांना झुलविणारा हा पराक्रमी पुरुष १८०५ च्या डिसेंबरात तहाला आला, तेव्हा त्याच्या मदतीला येईल असे बळ कोणाकडे उरले नव्हते. त्याच्या १८०३ च्या वर्तनाला ‘तटस्थता’ म्हणण्याऐवजी आपला जुना मराठी शब्द ‘वाट पाहणे’ हा अधिक खरा आहे.

येथे आणखी एक शब्द वेगळा काढून ठेवला पाहिजे. स्वतंत्र भारताचे धोरण ‘अलिप्ततेचे’ म्हणून ओळखले गेले. तटस्थता युद्धकाळापुरती असते आणि तिला आंतरराष्ट्रीय कायद्यात स्थान आहे. अलिप्तता ही शांततेच्या काळात कोणत्याही लष्करी गटात न जाण्याची वृत्ती आहे. वृत्तपत्रे हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे गोंधळ वाढतो.

आता या शहराच्या प्रत्यक्ष आठवणीतला प्रसंग. १९४७ च्या जूनमध्ये सातव्या निजामाने फर्मान काढून कोणत्याही घटनासमितीत प्रतिनिधी पाठविण्यास नकार दिला आणि इंग्रज गेल्यावर आपण सार्वभौम होऊ असे सांगितले. ८ ऑगस्टच्या पत्रात त्याने भारताशी तह करण्याची तयारी दाखविली, तीही अटींवर. त्यांतली एक अट अशी की भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध झाल्यास हैदराबाद तटस्थ राहील. १८०० साली पूर्वजाने लिहून दिलेला हक्क दीडशे वर्षांनी परत मागितला जात होता. तर्क म्हणून पाहिले तर मागणी हास्यास्पद नव्हती. तह ज्याच्याशी होता तो निघून गेला, तेव्हा हक्क मूळ मालकाकडे आला, असा तिचा आधार. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला आणि मूळ प्रश्न लोंबकळत राहिला.

परंतु तटस्थतेची वर सांगितलेली कसोटी लावून पाहावी. दोन्ही पक्षांना सारखे वागविणे हे तिचे पहिले अंग. करारानंतर काही आठवड्यांतच, काश्मिरात लढाई चालू असताना, हैदराबाद सरकारने वीस कोटी रुपयांचे भारत सरकारचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिल्याचे उघड झाले, आणि भारतीय चलनावर राज्यात निर्बंध आले. हा एका बाजूचा व्यवहार होता. दुसरे अंग भूमीचे. कॅथरीनच्या संघाकडे समुद्र होता, स्विसांकडे आल्प्स. ब्याऐंशी हजार चौरस मैलांचे हे राज्य चहूबाजूंनी भारताच्या भूमीने वेढलेले, त्याला एकही बंदर नाही. शस्त्रे आली ती सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकाच्या विमानांतून, रात्रीच्या वेळी, कराचीहून. जो हक्क उजेडात सांगता येतो त्याची शस्त्रे अंधारात आणावी लागत नाहीत.

तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याचा उल्लेख तटस्थतेच्या कायदेशीर चर्चांत क्वचितच येतो. शस्त्राचे तोंड कोणाकडे आहे? कासिम रझवीच्या रझाकारांच्या बंदुका सीमेकडे रोखलेल्या नव्हत्या. त्या गावांकडे रोखलेल्या होत्या. मराठवाड्यातून हजारो कुटुंबे घरदार सोडून सोलापूर, बार्शी, उमरखेडकडे निघाली. बिदर जिल्ह्यातील गोरट्याला १९४८ च्या मे महिन्यात जे हत्याकांड झाले त्याची आठवण त्या भागात अजून ताजी आहे. स्वामी रामानंद तीर्थांसारखे नेते तुरुंगात होते. भारतात सामील व्हावे असे लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांचा याच शहरात ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. ते मुसलमान होते, हे विसरू नये. हा झगडा दोन धर्मांचा होता असे सांगणाऱ्यांना ते एक नाव अडचणीचे ठरते. दोन राष्ट्रांच्या भांडणात तटस्थ राहू इच्छिणारे सरकार स्वतःच्या प्रजेच्या बाबतीत तटस्थही नव्हते. किंबहुना ‘तटस्थ’ या शब्दाचा जुना मराठी अर्थ, जागच्या जागी खिळून राहणे, हाच त्या सरकारातल्या पुष्कळ शहाण्या माणसांना लागू पडत होता. त्यांना पुढचे दिसत होते आणि ते बोलत नव्हते.

शोएबुल्लाखानांचा खून झाला त्याच सुमारास, २१ ऑगस्टला, हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार धाडली होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या. १६ तारखेला तक्रार पॅरिसमध्ये चर्चेला निघाली, आणि १८ तारखेला जनरल एल् एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्यानंतर चारच दिवसांनी निजामाने तार करून ती तक्रार मागे घेतली. सुरक्षा समितीने मात्र हैदराबादचा विषय आपल्या कार्यसूचीवर तसाच राहू दिला.